एकही गाडी नसलेला रस्ता

जोएल बेलांजे हा माझा धाकटा भाऊ. सख्खा. आणि फ्रान्समधल्या आमच्या आख्ख्या मायेन मुलखात त्याच्याइतके रस्ते कुणी तुडवलेले नाहीत, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. आम्ही दोघंही शाळेत फार टिकलो नाही. पण त्याला डोळे बांधून कुठल्याही बांधावर सोडा, नुसत्या वासावरून सांगेल की हा कुणाचा गोठा.

जोएल दुधाचा टँकर चालवतो. पहाटे निघायचं, गोठ्यागोठ्यावर थांबायचं, पाईप जोडायचा, दूध ओढून घ्यायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. आणि रविवारी दूध ओतून झालं की तोच माणूस त्याच रस्त्यांवर सायकल घेऊन. पायाला भिंगरी आहे त्याच्या. जेवायला बसला तरी एक पाय खुर्चीच्या बाहेर, केव्हाही उठता यावं म्हणून. आई म्हणायची, याला पाळण्यात निजवला तर पाळणाच दाराशी जायचा.

त्याची बायको ओदील. शाळेतल्या पोरांचा स्वयंपाक करते. लग्नाआधीपासून दर रविवारी दोघं जोडीनं सायकलवर निघायची, आणि चढावर ती त्याच्या पुढं असायची, हेही मी सांगतो, कारण आमच्या घरात आलेलं माणूस कमी नसतं. मग तीन वर्षांमागं मोठ्या रस्त्यावर एका गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला. ती चरात पडली, गाडी थांबलीसुद्धा नाही. हात बरा झाला, पण सायकल शेडमध्ये हुकाला टांगली गेली आणि तिच्यावर जुनी चादर आली.

तेव्हापासून जोएल एकटाच जायचा आणि लवकर परत यायचा. आल्यावर मात्र घरात थारा नाही. अंगणात फिर, गेट उघड, गेट लाव. एकदा त्यानं तिला विचारलं, रस्त्याचं एवढं काय घेतलंयस मनात. ती भांडी विसळत म्हणाली, "रस्त्याला नाही रे घाबरत मी. मागून येणाऱ्या आवाजाला घाबरते."

ते वाक्य त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आमच्या सायकल मंडळाची उन्हाळ्यात एक मोठी फेरी असते. दरवर्षी एक जण रस्ता आखतो, आदल्या दिवशी वळणावळणावर पिवळे बाण लावतो, आणि फेरीच्या दिवशी सगळ्यात शेवटी राहून ते बाण काढत येतो. आखणाऱ्यानं पुढं जायचं नाही, ही जुनी रीत. यंदा पाळी जोएलची होती. बाकीच्यांसाठी ती फेरी होती. त्याच्यासाठी एकच गोष्ट होती: ओदील हुकावरून सायकल काढते की नाही.

सगळा वसंत त्यानं त्यात घातला. डांबराच्या मधोमध गवत उगवलंय असे रस्ते शोधले. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडी, आणि रस्ता असा खाली दबलेला की वरून जाणाऱ्याला दिसूच नये. मोठा रस्ता एकदाच ओलांडायचा होता, तर तिथंही हा पठ्ठ्या गाईंसाठी खालून काढलेल्या बोगद्यातून नेणार. मंडळाचा अध्यक्ष रेने, तोंडाचा फटकळ, सगळ्यांसमोर म्हणाला, "जोएल, जेवण तरी माणसांचं ठेवलंयस, की तेही गव्हाणीत?" जोएल हसला नाही. तो कुणाचं ऐकतच नव्हता त्या दिवसांत. रविवारी कोण गवत कापणार, कोण ट्रॅक्टर काढणार, घराघरात जाऊन विचारून आला. एका म्हाताऱ्याला तर त्यानं मासे धरायला गाडीनं जाऊ नको म्हणून पटवलं, स्वतः आदल्या दिवशी नेऊन सोडतो म्हणाला.

आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला म्हणाला, "एकही गाडी भेटणार नाही, ओदील. शब्द देतो."

ती म्हणाली, बघू.

शनिवारी बाण लावून तो घरी आला तर शेडमधून पंपाचा आवाज येत होता. ती टायरात हवा भरत होती. तो आत गेला नाही. आवाज थांबेपर्यंत कोबीच्या वाफ्याभोवती नुसता गरागरा फिरला.

रविवारी खाण्यापिण्याचं टेबल माझ्याकडं होतं. चर्चपाशी, लिंडनच्या झाडाखाली. सॉसेजचे काप, लोण्याचा केक, सफरचंदाची साइडर. एकेक टोळकं येत गेलं. ओदील आली ती गाल लाल करून. केकचे दोन तुकडे उभ्यानं खाल्ले. मला म्हणाली, "रोलाँ, खरंच एकही नाही भेटली रे." मी म्हटलं, भाऊ कुणाचा आहे. ती हसली आणि दोघी शेजारणींबरोबर पुढच्या दबलेल्या रस्त्याला लागली.

बऱ्याच वेळानं जोएल आला, काखेत बाणांचा गठ्ठा. त्याचं आपलं एकच, कशी दिसली, बोलली का, थकली का. मी त्याला कॉफी ओतली. तेवढ्यात समोरच्या गोठ्यावरची फुशार आडनावाची बाई किटली घेऊन आली. म्हणाली, कॉफीत ताजं दूध घाला, टँकर यायच्या आत बाजूला काढून ठेवलंय.

जोएलचा कप तिथंच थांबला. "आज टँकर?"

बाई म्हणाली, "म्हणजे काय. गाई रविवारी दूध द्यायच्या थांबतात का? तू रजेवर, म्हणून सोलांज येतेय."

माझ्या भावाच्या तोंडचं पाणी पळालं. रस्ता आखताना त्याला ट्रॅक्टर आठवला होता, गवतकापणी आठवली होती, मासे धरणारा म्हातारासुद्धा आठवला होता. पण इतकी वर्षं त्या रस्त्यांवर त्याला टँकर कधी समोरून भेटलाच नव्हता, कारण तो स्वतः टँकरात बसलेला असायचा. तो रजेवर, म्हणजे त्याच्या लेखी टँकरही रजेवर.

आणि सोलांज म्हणजे रविवारच्या जेवणाला घरी पोचायची घाई असलेली बाई. अजून इथं आली नाही, म्हणजे पलीकडच्या गोठ्यावरून त्याच दबलेल्या रस्त्यानं येणार. ओदीलच्या समोर. तिथं टँकर शिरला की कडेला सायकल टेकवायलासुद्धा जागा उरत नाही.

जुनी रीत गेली उडत. बाण माझ्या टेबलावर टाकून तो जो सुटला, तसा त्याला मी तरणेपणीही पाहिला नव्हता.

त्या रस्त्याला वळणं फार. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता दिसेल. काय दिसेल, तो विचार तो पुरा करत नव्हता. झाडीत पाखरं ओरडत होती, आणि त्यांच्यामागं कुठंतरी ते इंजिन. तो आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा, पण बाहेरून त्यानं तो कधी ऐकला नव्हता.

वळला, तर समोर टँकर उभा. त्याच्या नाकासमोर ओदील, सायकल रस्त्यात आडवी धरून. दोघी शेजारणी मागं भिंतीला चिकटाव्यात तशा झाडीला चिकटलेल्या. सोलांज खिडकीतून ओणवी होऊन सांगत होती की पाठीमागं गोठ्याच्या फाटकापर्यंत जागाच नाही, तुम्हीच मागं जा.

"मागं घे," ओदील म्हणाली.

"अगं, तीन वळणं आहेत."

"मला दिसतायत. घे."

सोलांज पुटपुटली, पण तिनं घेतला. टँकर पींपीं करत मागं सरकत गेला आणि ओदील सायकल हातात धरून त्याच्यासमोर चालत राहिली. जोएल तिच्या मागोमाग. फाटकापाशी टँकर आत गेल्यावर ती थांबली.

"शब्द दिला होतास."

तो म्हणाला, "मी टँकरात नव्हतो ना, म्हणून..." आणि पुढचं त्यालाच बावळट वाटलं.

"म्हणजे या रस्त्यांवर गाडी एकच. तुझी. आणि तीच तू विसरलास."

ती सायकलवर बसली आणि निघून गेली. फेरी तिनं पुरी केली, हे त्याला नंतर रेनेकडून कळलं. बाण काढत सगळ्यात शेवटी तो घरी पोचला तेव्हा शेडचं दार लावलेलं होतं. आत सायकल खाली आहे की परत हुकाला गेली, बघायची त्याची छाती झाली नाही. बागेत गेला, परत आला. टोमॅटोला पाणी घातलं, मग विसरून परत घातलं. मग दोघं जेवायला बसली. चीज पुढं सरकवताना तिनं एवढंच विचारलं, उद्या टँकर कुठल्या बाजूला. तो म्हणाला, तळ्याच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या बाजूचे गोठे आटपून तो परतत होता. शाळेच्या मागं निघणारा तो अरुंद रस्ता, दोन्हीकडं झाडी, समोरून ऊन डोळ्यांत. वळणावर त्यानं करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध ओदील, सायकलवर, मागच्या कॅरिअरला स्वयंपाकघरातला एप्रन बांधलेला. कामाला निघाली होती. रोज ती मोठ्या रस्त्यानं गाडीतून जायची.

तिनं एक पाय खाली टेकला. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "ओदील, मागं फाटक लांब आहे."

"मागं घे," ती म्हणाली.

त्यानं घेतला. आणि माझा भाऊ, जो टँकर मागं घेताना आरशातून नजर हलवत नाही, त्यानं त्या दिवशी दोनदा समोर पाहिलं. ती हळूहळू पॅडल मारत, त्याच्या तोंडासमोर येत होती. फाटकात टँकर घुसवून तो कुंपणाला खेटला तेव्हा ती बाजूनं गेली, आणि जाता जाता तिनं दारावर, पाळीव गाईच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी, एक थाप मारली.