देण्याघेण्याची अडचण नाही

त्या वर्षी मी पासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आता एकाहत्तरी पूर्ण झाल्यावर त्या बाईकडे बघते तेव्हा तिला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं, आणि तिच्या ऐटीचं हसूही येतं. केसांना कलप, अंगावर नवी इरकल, पायात मुलाने घेतलेले पांढरे बूट अशा थाटात ती अ‍ॅमस्टरडॅमला मुलाकडे उतरली. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. तेवढ्यात तिने नातीचं जे करायचं ते करून दाखवलं.

नात तेव्हा सतराची. मुलाचं घर शहराच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात, आणि तिथून सायकलने वीस मिनिटांवर तिचा हॉकीचा क्लब. आठवड्यातले चार दिवस ती तिथल्या ओल्या, हिरव्या, खोट्या गवतावर असायची. बचावफळीत. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. गोल करणाऱ्या मुलींच्या आया टाळ्या घ्यायच्या, आणि आमची आपली मागे वाकून उभी. पण अमेरिकेतल्या एका जुन्या, नाव ऐकून लोक सरसावून बसतील अशा विद्यापीठाच्या कोचबाईंना नेमकी तीच हवी होती. त्यांनी तिच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले होते. आता गुरुवारी व्हिडिओ कॉलवर भेट ठरली होती, आणि मुलगा-सून दोघांनी त्या दिवशी रजा टाकली होती.

कोचबाईंनी ऐन वेळी कॉल बुधवार दुपारवर आणला. मुलगा ऑफिसात, सून हूफडॉर्पला मीटिंगमध्ये, फोन दोघांचेही बंद. घरात नात आणि मी.

सांगायला लाज वाटते, पण मी त्या कॉलची तयारी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखी केली. क्लबची जर्सी काढायला लावून तिला कुर्ता घालायला दिला. शेल्फवरचे मुलाचे बिअरचे ग्लास न्हाणीघरात नेऊन ठेवले आणि त्या जागी गणपती बसवला.

"आजी, शी इज अ हॉकी कोच!"

"असू दे. बायकांचं बारीक लक्ष असतं."

नात सुरेख बोलली. मार्क, विषय, मागच्या वर्षीचा दुखावलेला घोटा, सगळं सरळ सांगितलं. मी कॅमेऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मग कोचबाईंनी विचारलं, तुला आर्थिक मदत लागेल का? त्यांनी नीट समजावूनही सांगितलं. त्यांचं विद्यापीठ खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, कोणालाच नाही. मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून. मात्र परदेशातल्या खेळाडूंपैकी मदत लागणाऱ्या फक्त दोघींसाठी त्या प्रवेश समितीकडे शब्द टाकू शकतात. म्हणून आत्ताच कळलं तर बरं.

नात थांबली. "आय थिंक..." म्हणाली, आणि विचार करायला लागली.

मी खुर्चीसकट कॅमेऱ्यात सरकले.

"नमस्ते मॅडम. आय अ‍ॅम ग्रँडमदर. नो प्रॉब्लेम ऑफ मनी. वुई आर वेल-टू-डू." एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! पुण्यातला फ्लॅट सांगितला. तळेगावचा प्लॉट सांगितला, ज्यावर माझ्या दिरांनी केव्हाच कुंपण घातलंय. मुलाच्या हुद्द्यात तर मी स्वतःच बढती करून टाकली.

कोचबाई हसल्या, म्हणाल्या, मग माझं काम फारच सोपं झालं. आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. लिहून घेताहेत हे बघून मला काय आनंद झाला होता!

माझ्या लग्नाच्या बैठकीत वडिलांनी हेच वाक्य टाकलं होतं, देण्याघेण्याची अडचण नाही. नंतर आईच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. हे मला पक्कं आठवत होतं. तरीही.

कॉल संपल्यावर नातीने विचारलं, "आजी, इज दॅट ट्रू?"

"अगं, पहिल्याच भेटीत कोणी हात पसरतं का? आधी पसंती येऊ दे, मग बोलू."

संध्याकाळी मुलाला मी एवढंच सांगितलं, पसंत आहे. तो खूश. त्याची समजूत अशी की एवढं मोठं विद्यापीठ मुलीला खेळासाठी बोलावतंय म्हणजे फुकटच शिकवणार. शिष्यवृत्ती नाही हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. नातीने तेवढं सांगायला तोंड उघडलं तर मीच तिला डोळ्यांनी दटावलं. विद्यापीठातली मोठी माणसं आहेत, करतील काहीतरी, असं माझं गणित.

तीन आठवड्यांनी कोचबाईंची मेल आली. समितीने नातीचे मार्क आधीच बघून होकार कळवला होता. आता फक्त रीतसर अर्ज. नात घरभर उड्या मारत होती. मुलगा मेल मोठ्याने वाचता वाचता मधेच थांबला.

"आपण मदत मागणार नाही असं आपण कळवलंय? आपण म्हणजे कोण?"

नातीने माझ्याकडे बघितलं. खाली ओळ होती की सुरुवातीला मदत न मागणाऱ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. शेजारी वर्षाच्या खर्चाचा आकडा. मुलाने तो सुनेला दाखवला. सून उठून खिडकीशी गेली.

"आई, तू काय बोललीस त्यांना?"

"मी आपलं घराचं चांगलं सांगितलं..."

"आई, घराचं कर्ज फिटायला अजून अठरा वर्षं आहेत!"

पुढचे चार दिवस मी त्या घरात कशी राहिले ते माझं मला माहीत. पुण्याला फोन करून फ्लॅट विकायचं बोलले. विकला असता तरी तिथला दीड वर्षाचाच खर्च निघाला असता. नात जेवायची नाही, प्रॅक्टिसला जायची, येऊन दार लावून घ्यायची. तिच्या दाराबाहेर मी ताट घेऊन उभी राहायचे, आणि हाक मारायची हिंमत व्हायची नाही.

शेवटी परत कॉल झाला. सगळे बसलो. मीच बोलेन म्हटलं. "मॅडम, आय टोल्ड लाय. वुई नीड हेल्प. प्लीज." एवढी तीन वाक्यं. मी आयुष्यात कोणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती.

कोचबाई वाईट वागल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, खरं सांगितलंत, बरं केलंत. पण त्या दोन जागांसाठी मी दुसऱ्या मुलींना शब्द दिलाय. त्यातली एक गेल्या आठवड्यातच ठरली. मदत मागून अर्ज जरूर करा, पण मग आधीचा होकार धरता येणार नाही, आणि मला पाठीशी उभं राहता येणार नाही.

गेल्या आठवड्यातच. म्हणजे पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर ती जागा रिकामी होती.

तरी अर्ज केला. माझे नव्वद दिवस संपले आणि मी पुण्याला परतले. तिथे रोज पहाटे उठून फोन बघायचे. डिसेंबरात मुलाचा मेसेज आला, दोनच शब्दांचा. नाही झालं.

त्या रविवारी व्हिडिओवर नात समोर आली. आता तिकडेच, हॉलंडमध्ये, एनस्खेडेला इंजिनिअरिंगला जाणार म्हणाली. मी माफी मागायला लागले. माझ्या गरिबीच्या लाजेचं सांगितलं, वडिलांचं, पाटल्यांचं सांगितलं, आणि रडलेही, कारण पासष्टीच्या त्या बाईला रडून सुटायची सवय होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी शब्द शोधत, सावकाश, मराठीत बोलली.

"आजी, पैशाचं जाऊ दे. प्रश्न मला विचारला होता. मी उत्तर देत होते."