गेर्लिंगेनचा माठ

जगात कुंभार पुष्कळ असतील, पण भांडं फुटलं की त्या भांड्याचीच माफी मागणारा कुंभार मी एकच पाहिला. जर्मनीत गेर्लिंगेनच्या टेकडीखाली एका जुन्या तबेल्यात राहणारे आमचे अमेरिकन शेजारी. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटले आणि इथल्या मातीच्या नादात घरी जायचंच विसरले. मी जवळच्या स्टुटगार्टला शिकायला आलेला, खोली मात्र त्यांच्या शेजारी; आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. टाय लावून भेटायला गेलो, तर हात मिळवण्याऐवजी त्यांनी माझ्या हातात मातीचा गोळा दिला. त्यांच्या भुवयांवर, चष्म्यावर, पावावरच्या लोण्यावरसुद्धा मातीची पुसट साय असे. भट्टी पेटली की तिच्याशी हळू आवाजात बोलत. मी मध्ये बोललो तर म्हणत, "श्श, ती ऐकतेय."

एका उन्हाळ्यात मी त्यांना आमच्या गावच्या माठातल्या पाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "तू परत जायच्या आत तसा घोट तुला इथे पाजणार," म्हणाले, आणि हातातली सगळी कामं बाजूला पडली.

माठ आला तो निळसर, काचेसारखी झिलई दिलेला. दिवसभर पाणी ठेवलं तरी कोमटच. ते मात्र अभिमानाने बूड दाखवत होते, "बघ, थेंब गळत नाही!"

"अहो, पाझरायलाच हवा तो! बाहेरून ओला झाल्याशिवाय आत गार कसा होईल?"

ते मटकन बसले. "आल्झो, म्हणजे जन्मभर भांडी गळू नयेत म्हणून धडपडलो, आणि तुला गळकं हवंय?" मग इतके हसले की चष्म्यावरची माती ओली झाली.

त्यानंतर बिनझिलईचे माठ होऊ लागले. कुणी तडकला, कुणी पाणी भरताच खचला. प्रत्येकाची रीतसर माफी मागितली गेली. माझी निघायची वेळ आली. निरोप घ्यायला गेलो, तर खिडकीत एक तांबूस माठ अंगभर घामेजून बसलेला. मी घोट घेतला. गार होता, पण चव या टेकडीची होती.

"तेच का रे?" त्यांनी घाबरत विचारलं.

"नाही. पण मला हेही आठवणार."

ते लहान मुलासारखे खुलले. मी विचारलं, "तुमच्या गावचं पाणी कसं होतं?"

"नळाचं," ते म्हणाले. मग कितीतरी वेळ त्या ओल्या माठावरून हात फिरवत राहिले. बोटं उमटत होती आणि पुसली जात होती.