वीतभर आखूड पडदा

काकूंनो, बाबांचं स्टील प्लांटमधलं ठेक्याचं काम सुटलं, तेव्हा दुर्गजवळच्या कोहक्यातली आमची एक खोली आईच्या शिलाई मशीनवर चालली. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांतून उरलेल्या तुकड्यांचेच आमचे पडदे, उशा, चादरी. कशाचा कशाशी मेळ नाही. एकदा समोरच्या साहू काकू, तुम्ही पडद्याला हात लावून म्हणालात, "अरे, ये तो मेरे ब्लाउज का कपड़ा है!" गल्लीभर हशा. आईने तो तुकडा तिथेच उसवून परत दिला. मी मैत्रिणींना घरी बोलावणंच सोडलं.

बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुर्ग स्टेशनवर तुम्ही सगळ्या काकू आला होतात, आठवतं? आईने माझ्या बॅगेत नवा पडदा कोंबला. या खेपेला तिने प्रत्येकीकडून तुकडा मागून घेतला होता. साहू काकू, तुम्ही तोच जुना तुकडा दिलात.

"मोठ्या फुलाजवळ बारीक ठिपका ठेवला, ठिपक्याजवळ पट्टा," आई सांगत होती, "अन् निळा सगळीकडं. निळा असला का घर जुळते." आमच्या झेंड्याचा रंग तो; आमच्यात निळाच का, हे तुम्हाला सांगायला नको.

तो पडदा मी हॉस्टेलात कधी लावला नाही. लाज वाटायची.

शिकले, नोकरी लागली, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पडदे, सोफा, उशा, सगळं एका राखाडी रंगाचं, सेटमधलं. बाबा गेल्यावर आईला कायमचं आणलं. पण आठवडा झाला तरी तिच्या साड्या पिशवीतच.

"मस्त आहे वो पोरी," ती म्हणाली, "पण इथं कोण राहून राहिलं, तेच समजत नाही. मले सोमवारच्या गाडीत बसवून दे."

रविवारी मी माळ्यावरून तुमचा पडदा काढला आणि खिडकीला लावला. वीतभर आखूड पडला. आईने त्याची खालची कड हातात धरून पाहिली.

"चुकलं ना माप! सगळ्यायचा तुकडा आहे याच्यात, तुझाच नाही. जुना कुर्ता आण एखादा. निळा पाहून आण."

तिने खाली माझ्या कुर्त्याची पट्टी जोडली. मग साड्या कपाटात लावल्या. सोमवारची गाडी तिच्याविनाच गेली.

तर काकूंनो, मी ग्रॅज्युएट झाले. पुण्यात माझ्या नावाचं घर आहे. आणि माझी आई त्यात राहते.