निळी रेघ आणि आक्काचं घर

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या नव्या वस्त्यांचे नकाशे आमच्या कार्यालयातून निघत, आणि ते काढणाऱ्यांत मी एक होतो. तेव्हा वरच्या कुणाला तरी मुंबईच्या कॉम्प्युटरचा नाद लागला. गगनबावड्याकडचा पाऊस, नदीची रुंदी, काठाची उंची, जे मागितलं ते आम्ही मुकाट पाठवलं. त्या यंत्रानं कागदावरच मोठा पाऊस पाडला आणि पंचगंगा कुठवर पसरेल ते आकड्यांत सांगितलं. त्यावरून नकाशावर निळी रेघ ओढताना माझा हात थांबला. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, प्लॉट रेघेच्या आत होता. शिवाजी पेठेतल्या भाड्याच्या खोल्या सोडून तिथं घर बांधायचं म्हणून तिनं नुकताच पाया खणला होता.

बैठकीत एका पुढाऱ्यानं रेघ बघितली आणि तो मोठ्यानं म्हणाला, "साहेब, त्या मशिनीनं आमची नदी कवा बघितलीया? वर्साला येती आन् गुमान माघारी जाती की!" सगळे हसले. रेघेच्या आतली उसाची रानं पिवळी रंगवायची ठरलं. पिवळा म्हणजे घरं. निदान काठाचे प्लॉट वगळा, असं मी म्हटलं. आमचे साहेब म्हणाले, "तुम्ही रंग भरा." त्या साहेबांचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी मी आक्काकडे गेलो आणि हे घर पाण्यात जाईल म्हणून सांगितलं.

"जाऊ दे की," ती म्हणाली. "पेठंतनं वटी भराय पार घाटावर जावं लागतंय. हितं बाई सोताच्या पायानं दारात येणार. नशीब लागतंय त्येला!"

पूर आला की आमच्याकडच्या बायका नदीची ओटी भरतात, खण-नारळ वाहतात. माहेरवाशीणच आली म्हणायची. आता यापुढं कॉम्प्युटरनं काय बोलावं?

घर झालं. पहिल्याच पावसाळ्यात पाणी पायरीला लागलं. आक्कानं शेजारणींना बोलावून ओटी भरली, पेढे वाटले. मी पेढा हातात धरून पाण्याकडं बघत होतो.

पुढच्या एका पावसाळ्यात पाणी पायरीवर थांबलं नाही. आक्काला नावेतून काढावं लागलं. पूर ओसरल्यावर आम्ही दोघं चिखल उपसायला गेलो, तर भिंतीवर खिडकीच्या वर पाण्याची खूण होती. यंत्रानं जवळजवळ तेवढंच सांगितलं होतं. खरं ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"विकून टाक, आक्का," मी म्हणालो.

ती खराटा टेकून उभी राहिली. "व्हय, विकतो. पर घेणारा आला तर त्येला तुझी ती रेघ दावू नगंस. गप बसशील न्हवं?"

मी हो म्हणालो. घेणारा कधी आलाच नाही. आक्का अजून तिथंच राहते, आणि आषाढ लागला की तिचं सामान माळ्यावर चढवायला मी जातो.