शॉकअपचं तेल

तेलाचा एक थेंब पडला की टॉवेल वाया गेला, हे अप्पा टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म काढून शिकले होते. त्यामुळे घरातलं कुठलंही लोखंड ते तेलकट राहू देत नसत. आमच्या दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायच्या, पण स्वच्छ असायच्या.

नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा मी माझी माउंटन बाइक सोलापुरात वडिलांकडेच, म्हणजे अप्पांकडेच ठेवली. कारण आमचा एक बेत ठरला होता. मी या सायकलवर आणि अप्पा त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर, असं दोघांनी वळसंगला जायचं. ते त्यांचं गाव. शेत कधीच विकलं गेलंय. पण विहीर कुठली, शाळा कुठली, कुठल्या चिंचेवरून पडून हात मोडला, हे त्यांना मला दाखवायचं होतं. दर दिवाळीला मी धावतपळत यायचे, फराळावर ताव मारायचे आणि निघताना म्हणायचे, "अप्पा, पुढच्या वेळी नक्की." गेल्या दिवाळीला तर आलेच नाही. ऑफिसचं काम होतं. काय काम होतं, तेही आता आठवत नाही.

यंदा मात्र चांगली सुट्टी काढून आले. आल्या आल्या सायकल बाहेर काढली. चकाचक! पण हँडलवर जोर दिला, तर पुढचा शॉकअप कुईं करून अर्ध्यातच अडकला.

"अप्पा, याला काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? दर रविवारी पुसतो की. पेट्रोलचं फडकं मारून. तेलाचा ठिपका दिसतोय का बघ कुटं."

कसा दिसणार! शॉकअपच्या चकचकीत दांड्या जिथं खालच्या नळ्यांत शिरतात, तिथं रबरी सील असतात. त्यांच्या कडेला वंगण लागतं, आतली स्पंजची रिंग तेलात भिजलेली लागते. तरच दांडी सुळकन खालीवर होते आणि धूळ बाहेर राहते. अप्पांनी मायेनं पुसून पुसून सगळं कोरडं ठणठणीत केलं होतं. मी जाम चिडले. मग लक्षात आलं, की इतके रविवार हा माणूस वळसंगची तयारी करत होता.

नवे सील मागवले. अंगणात वर्तमानपत्र पसरून शॉकअप खोलला, स्पंजच्या रिंगा तेलात बुडवल्या, सीलच्या आतल्या कडेनं बोटानं ग्रीस फिरवलं. अप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांचा जीव वरखाली होत होता.

"एवढं? डाग पडंल की!"

"पडू दे. हा काय टॉवेल आहे?"

जोडून झाल्यावर त्यांनी स्वतः हँडल दाबून पाहिलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. "लई मऊ झालंय," म्हणाले. दांडीवर तेलाचं बारीक कडं उमटलं होतं. ते पुसायला त्यांचा हात गेला आणि तसाच मागे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी तयार होते. पायात कॅनव्हासचे बूट, कानाला मफलर. काळी सायकल रस्त्यावर आणली, एक पाय पेडलवर ठेवला आणि दुसरा मागून टाकायला गेले. गुडघा वळेना. मी सायकल घट्ट धरली, तरी जमेना.

"गेल्या सालापतूर चढत व्हतो की," ते सायकलकडे बघत म्हणाले.

गेल्या साली मी आले नव्हते. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मग मीही जात नाही, असं म्हटल्यावर मात्र ते खवळले. "मग तेल घातलंस कशाला? जा, बघून ये."

गेले. अक्कलकोटच्या रस्त्यावर जेवढे खड्डे लागले, तेवढे शॉकअपनं निमूट सोसले. एकदाही कुईं नाही. एरवी मी खूश झाले असते. त्या सकाळी मला वाटभर रडू येत होतं.

गावात शिरताना थांबून फोन लावला.

"पोचले, अप्पा. विहीर कुठल्या बाजूला?"

"शॉकअप वाजला का?"

"नाही."

"मग झालं." ते पुढे म्हणाले, "विहीर न्हाय सापडायची तुला. पुढच्या बारीला मी येतो, दावतो. नक्की."

"हो, अप्पा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं होती. त्यातलं त्यांचं कुठलं, ते मला कळायला मार्ग नव्हता.