काटा काढणारी बाई

भूतबीत मी कधी मानलं नाही. धाकटी डहाणूत जन्म गेला, खाडीवर वेळी-अवेळी गेले, कुणी आडवं आलं नाही. पण गेल्या दिवाळीआधीचं सांगते... सांगताना अजून अंगावर काटा येतो.

डहाणूत चिकूच्या वाडीत शिरीनबाईंचा बंगला. तीस वर्षं मी तिथे कामाला. भिंतीवर त्यांच्या पणजोबांनी बेल्जियमहून आणलेला लोकरीचा जुना पडदा — बाया गवत कापतायत, भारे बांधतायत, सगळं विणलेलं. कोपऱ्यात तेवढं ताटाएवढं ठिगळ, बाईंच्या जन्माआधीचं.

पावसानं पडद्याला बुरशी धरली. बाई म्हणाल्या, "कुंदा, जरा ऊन दाखव." मी शहाणी, घरी आणून बोंबील सुकवायच्या वलांडीवर टाकला! वासानं मांजरं आली, ठिगळ ओरबाडून नेलं. खाली नुसतं भोक.

जाऊ म्हणाली, "आता बाईला पडद्याच्या बदली बोंबील दे."

मला रडू फुटलं. तीस वर्षांचा विश्वास माझा, एका दुपारी गेला.

जाळी दुरुस्त करायचा हात आहे माझा. जुने स्वेटर उसवले, ठरवलं, नुसतं हिरवं गवत भरायचं. तीन दुपारी बसले. तिसऱ्या दिवशी जाऊ वाकून बघते तर — "अगो, ही कोण बसवलीस?"

बघितलं तर गवतात एक बाई. उजवा पाय डाव्या मांडीवर, काटा काढतेय, विळा डाव्या काखेत. मी कधी विणली, मलाच ठाऊक नाही... आम्ही दर्याची माणसं, गवत कापायला कधी गेलेच नाही.

बाईंसमोर पडदा उलगडला, सगळं कबूल केलं. त्या रागावतील म्हणून मान खाली. मग ठिगळाखाली मुळात काय होतं ते विचारायला त्यांनी उदवाड्याच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. बहिणीनं आजीच्या आल्बममधला पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, ठिगळ लागायच्या आधीचा.

तीच बाई. तोच पाय. विळासुद्धा डाव्या काखेत.

"कुंदा, तुला कोणी सांगितलं?" बाई विचारतच राहिल्या. मांजरांचं त्यांनी ऐकलंच नव्हतं बहुतेक. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बस इथे, माझ्या बाजूला." तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या कोचावर बसले, आणि दोघी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

माझ्या हातांना कुणी सांगितलं? मला आजही माहीत नाही.