पालीखालचा डोह आणि तहानलेली मेंढरं

यंदा राजगड चढणार नाही म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, हिचे गुडघे गेले. गुडघे ठणठणीत आहेत हो! मला मेंढरांची आंघोळ बघायची होती. लोकर कातरायच्या आधी धनगर मेंढरं डोहात धुतात, आणि राजगडाच्या पायथ्याशी पाली गावाखालच्या वाडीतल्या सखूबाईंनी गेल्या वर्षीच आमंत्रण दिलं होतं.

शिवऱ्याला मिसळ हाणली (ऐंशी रुपये, तर्री मागून घ्या) आणि नसरापूरला वळले. एसटीने येणाऱ्यांनी वेल्ह्याची गाडी धरावी. मार्गासनीपुढच्या खड्ड्यांनी स्कूटरवर माझी कंबर पार ढिली केली.

सखूबाई डोहाच्या वाटेवर काठी आडवी धरून उभ्या. पन्नासेक मेंढरं पाण्याच्या वासाने रेटत होती, त्या मागे हाकलत होत्या.

"आज धुणार नाही?"

"आदी खेकडं बगून या, ताई."

ही त्यांची रीत. कळप पाण्यात घालण्याआधी काठचे दगड उलटायचे; खाली खेकडे पळाले तर पाणी चांगलं. मी सात-आठ दगड उलटले. खेकडे होते, सगळे मेलेले. कडेला माशांचा खच. एक खंड्या डोहावर टपून बसला होता. "खाऊ नकोस रे बाबा!" मी वेड्यासारखी ओरडले. त्याने सूर मारलाच.

वरच्या उतारावर नवी द्राक्षबाग आहे. फवारणीचे पंप ओढ्यातच धुतात, औषधाचे रिकामे डबे तिथेच पडलेले. मी तावातावाने फाटकाशी गेले.

"मॅडम, सगळेच फवारतात," मुकादम म्हणाला. "पाणी वाहून जातं की."

कुठे वाहतंय? उन्हाळा तोंडावर आला की ओढ्याचे नुसते डोह उरतात. हे मी सांगेपर्यंत फाटक बंद झालं होतं.

"दुसरीकडे पाणी नाही?" मी सखूबाईंना विचारलं.

"टाकी हाय वाडीला, मानसांपुरती. मेंढरांचं कोन बगतंय?"

घरी येऊन दोन कचेऱ्यांत अर्ज दिले, फोटो जोडले. उत्तर नाही. तुम्हाला तिकडे जा म्हणू की नको, मला खरंच कळत नाही. चौथ्या दिवशी सखूबाईंचा फोन आला.

"ताई, सोडली म्या मेंढरं डोहावर. टाकीतलं घमेल्यानं पाजलं, पर किती पुरनार? लई वरडत व्हती. पोटभर प्याली."

"आणि आता?"

"आता बसलेय बगत, पयलं कोन पडतंय."